वर्तुळात अंतर्लिखित त्रिकोणाच्या बाजूंची लांबी कशी काढावी: जीवा, कोन आणि दोन उत्तरांचे प्रसंग

ज्या त्रिकोणाचे तिन्ही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असतात, त्या त्रिकोणाची प्रत्येक बाजू ही त्या वर्तुळाची जीवा असते. हे विधान इतके उघड आहे की पुष्कळ विद्यार्थी ते वाचून तसेच पुढे जातात, परंतु बाजूंची लांबी काढण्याच्या सर्व रीती याच एका विधानातून निघतात. एखादी रेघ केवळ त्रिकोणाची बाजू म्हणून पाहिली तर तिच्याविषयी फारसे काही सांगता येत नाही. तीच रेघ जीवा म्हणून पाहिली की केंद्रापासूनचे तिचे अंतर, तिने केंद्रापाशी केलेला कोन आणि तिने तोडलेला कंस या तीन गोष्टी आपल्या मदतीला येतात. कोणती माहिती दिली असता कोणती रीत निवडावी आणि ती पायरीपायरीने कशी पार पाडावी, हे या लेखात पाहू. त्याचबरोबर, एकाच माहितीतून दोन निरनिराळे त्रिकोण कधी निघतात याकडे मी अधिक लक्ष देणार आहे, कारण या विषयातील बहुतेक चुका आकडेमोडीत होत नाहीत. दुसरे उत्तर नजरेतून सुटल्यामुळे त्या होतात.

वाचकाला पायथागोरसचे प्रमेय, वर्गमुळांची साधी आकडेमोड आणि काटकोन त्रिकोणातील साइन हे गुणोत्तर माहीत आहे असे मी गृहीत धरतो. त्रिकोणाचे शिरोबिंदू अ, ब, क आणि वर्तुळाचे केंद्र म अशी नावे सर्वत्र वापरली आहेत. कोन अ च्या समोरची बाजू बक, कोन ब च्या समोरची बाजू अक आणि कोन क च्या समोरची बाजू अब, हे मनात पक्के ठेवावे.

पहिली पायरी: आकृती काढणे आणि केंद्राचे स्थान ठरवणे

आधी त्रिकोण काढून मग त्याच्याभोवती वर्तुळ बसवण्याचा प्रयत्न करू नये. आधी कंपासने वर्तुळ काढावे, केंद्रावर ठळक ठिपका द्यावा आणि मग वर्तुळावर तीन बिंदू घ्यावेत. हे बिंदू घेताना केंद्र त्रिकोणाच्या आत येईल अशीच आकृती काढण्याची हाताला सवय लागलेली असते आणि ती सवय घातक आहे. त्रिकोण लघुकोन असेल तरच केंद्र आत असते. त्रिकोण काटकोन असेल तर केंद्र कर्णाच्या मध्यावर असते, आणि विशालकोन असेल तर केंद्र त्रिकोणाच्या बाहेर, सर्वांत मोठ्या बाजूच्या पलीकडे असते. दिलेल्या माहितीवरून यांपैकी कोणता प्रकार आहे हे कळत असेल तर आकृती तशीच काढावी. ते कळत नसेल तर दोन आकृत्या काढाव्यात, एक केंद्र आत घेऊन आणि दुसरी केंद्र बाहेर ठेवून. या दुसऱ्या आकृतीसाठी दिलेला वेळ वाया जात नाही, हे पुढील उदाहरणांत दिसेल.

दुसरी पायरी: कंस आणि कोन यांचा हिशेब

अंतर्लिखित कोनाचे माप त्याने अंतरखंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मे असते. तीन शिरोबिंदू वर्तुळाचे तीन कंसांत विभाजन करतात आणि त्या कंसांच्या मापांची बेरीज ३६०° असते, म्हणून कंस किंवा कंसांचे गुणोत्तर दिले असेल तर तिन्ही कोन लगेच मिळतात. उदाहरणार्थ, कंसांचे गुणोत्तर ३ : ४ : ५ असेल तर बारा भागांपैकी एक भाग ३०° होतो, कंसांची मापे ९०°, १२०° आणि १५०° येतात आणि त्रिकोणाचे कोन ४५°, ६०° आणि ७५° होतात. येथे एक गोष्ट जपावी लागते. कंसांचे गुणोत्तर हे बाजूंचे गुणोत्तर नसते. कंस दुप्पट झाला म्हणून जीवा दुप्पट होत नाही, आणि असे गृहीत धरून सोडवलेले उदाहरण पहिल्याच ओळीत चुकते.

तिसरी पायरी: कोनावरून बाजू

आता मुख्य सूत्र मिळवू. ते पाठ करण्यापूर्वी एकदा स्वतःच्या हाताने सिद्ध करावे, कारण सिद्धता अवघ्या चार ओळींची आहे आणि ती समजली की सूत्र विसरण्याची भीती राहत नाही. म पासून जीवा बक वर लंब टाकला असता तो जीवेला दुभागतो. त्रिकोण मबक समद्विभुज असल्यामुळे तोच लंब केंद्रीय कोनालाही दुभागतो. कोन अ लघुकोन असेल तर केंद्रीय कोन बमक त्याच्या दुप्पट असतो, म्हणून त्याचा अर्धा भाग पुन्हा कोन अ एवढाच होतो. लंबामुळे तयार झालेल्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण ही त्रिज्या आहे, म्हणून अर्धी जीवा त्रिज्या × साइन अ एवढी येते आणि पूर्ण जीवा तिच्या दुप्पट. म्हणजेच

बक = व्यास × साइन अ
अक = व्यास × साइन ब
अब = व्यास × साइन क

कोन अ विशालकोन असल्यास त्रिकोण मबक मधील केंद्रीय कोन ३६०° − २∠अ एवढा होतो आणि त्याचा अर्धा १८०° − ∠अ. परंतु एखाद्या कोनाचे आणि त्याच्या पूरक कोनाचे साइन सारखेच असते, त्यामुळे सूत्रात बदल करावा लागत नाही. त्रिज्या ७ सेंमी आणि कोन अ १२०° असेल तर समोरची बाजू १४ × साइन १२०° = ७√३, म्हणजे सुमारे १२.१२ सेंमी होते.

वरच्या कंसांच्या उदाहरणात त्रिज्या १० सेंमी आहे असे मानू. व्यास २० सेंमी झाला, तेव्हा ४५° समोरची बाजू १०√२ म्हणजे सुमारे १४.१४ सेंमी, ६०° समोरची बाजू १०√३ म्हणजे सुमारे १७.३२ सेंमी आणि ७५° समोरची बाजू ५(√६ + √२) म्हणजे सुमारे १९.३२ सेंमी होते. कंस ३ : ४ : ५ या प्रमाणात असूनही बाजू त्या प्रमाणात नाहीत, हे येथे आकड्यांतच दिसते.

त्रिज्या दिलेली नसेल, पण एक बाजू आणि कोन दिले असतील, तर तेच सूत्र उलट वापरावे. ८ सेंमी लांबीच्या बाजूसमोर ३०° चा कोन असेल तर व्यास ८ ÷ साइन ३०° = १६ सेंमी, आणि मग ४५° समोरची बाजू ८√२, सुमारे ११.३१ सेंमी. आधी व्यास काढून घेण्याची सवय लावली की पुढची प्रत्येक बाजू एका गुणाकारात मिळते.

एक बाजू व्यास असेल तेव्हा

अर्धवर्तुळात अंतर्लिखित झालेला कोन काटकोन असतो, म्हणून त्रिकोणाची एक बाजू वर्तुळाचा व्यास आहे असे दिले असेल तर पायथागोरसचे प्रमेय पुरते. त्रिज्या १२.५ सेंमी आणि दुसरी बाजू ७ सेंमी असेल तर तिसरी बाजू √(६२५ − ४९) = २४ सेंमी. या प्रकारात अधिक काही करायचे नसते. मात्र आकृतीत एखादी बाजू केंद्रातून जाताना दिसते म्हणून तिला व्यास मानू नये. तसे दिलेले तरी हवे किंवा सिद्ध झालेले तरी हवे.

समभुज त्रिकोण

समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६०° असतो, म्हणून बाजू = व्यास × साइन ६०° = त्रिज्या × √३. साइन न वापरताही हे मिळते. केंद्रापासून बाजूवर टाकलेला लंब त्रिज्येच्या निम्मा असतो, तेव्हा अर्ध्या बाजूचा वर्ग त्रिज्येच्या वर्गाच्या तीन चतुर्थांश येतो.

हा √३ किती काळजीपूर्वक मोजला गेला होता ते पाहण्यासारखे आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने १२० भाग व्यासाच्या वर्तुळासाठी जीवांचे कोष्टक केले. त्यात १२०° कंसाची जीवा १०३ पूर्णांक, ५५ साठांश आणि २३ छत्तीसशेअंश अशी दिली आहे, म्हणजे दशांशात सुमारे १०३.९२३. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’मध्ये १,२०,००० व्यासाच्या वर्तुळातील समभुज त्रिकोणाची बाजू १,०३,९२३ दिली, आणि उदाहरणादाखल २००० व्यासाच्या वर्तुळासाठी १७३२ पूर्णांक एक विसांश हे उत्तर काढून दाखवले. आपल्या सूत्राने १००० × √३ केल्यास १७३२.०५ येते, म्हणजे नेमके तेच. दिलेल्या व्यासाला १,०३,९२३ ने गुणून १,२०,००० ने भागण्याची ती रीत आजही जशीच्या तशी वापरता येते.

केंद्रापासूनच्या अंतरावरून बाजू

पाया केंद्रापासून किती अंतरावर आहे हे दिले असेल तर जीवेची लांबी २√(त्रिज्या² − अंतर²) या सूत्राने मिळते. त्रिज्या १० सेंमी आणि समद्विभुज त्रिकोणाचा पाया बक केंद्रापासून ६ सेंमी अंतरावर असेल तर बक = २√(१०० − ३६) = १६ सेंमी. येथपर्यंत एकच उत्तर आहे. समान बाजूंची लांबी काढताना मात्र थांबावे लागते. शिरोबिंदू अ हा पायाच्या लंबदुभाजकावर आहे, आणि तो लंबदुभाजक वर्तुळाला दोन ठिकाणी छेदतो. केंद्र त्रिकोणाच्या आत असेल तर उंची १० + ६ = १६ सेंमी आणि समान बाजू √(६४ + २५६) = ८√५, सुमारे १७.८९ सेंमी. केंद्र बाहेर असेल तर उंची १० − ६ = ४ सेंमी आणि समान बाजू √(६४ + १६) = ४√५, सुमारे ८.९४ सेंमी. प्रश्नात ‘लघुकोन’ किंवा ‘केंद्र आत आहे’ असे शब्द नसतील तर दोन्ही उत्तरे लिहिली पाहिजेत. एकच उत्तर लिहिणे म्हणजे न दिलेली अट आपल्या मनाने घालणे होय.

त्रिज्या आणि दोन बाजू दिल्या असता तिसरी बाजू

हा प्रकार मला या संपूर्ण विषयातील सर्वांत समृद्ध वाटतो, म्हणून येथे सावकाश जाऊ. येथे उपयोगी पडणारा नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधील ‘ब्रह्मस्फुटसिद्धांत’ या ग्रंथात दिला आहे. त्रिकोणाच्या दोन बाजूंच्या गुणाकाराला त्यांच्यामधील शिरोलंबाच्या दुपटीने भागले असता परिवर्तुळाची त्रिज्या मिळते. आपल्या नावांत, अ पासून बक वर टाकलेल्या लंबाचा पाद प असेल तर

अब × अक = व्यास × अप

सिद्धता अशी. अ मधून व्यास अड काढावा. कोन अबड अर्धवर्तुळातील असल्यामुळे काटकोन आहे, आणि कोन अपक लंबामुळे काटकोन आहे. ड आणि क येथील कोन एकाच कंसात, अब या जीवेवर उभे असल्याने समान आहेत. म्हणून त्रिकोण अबड आणि त्रिकोण अपक समरूप आहेत, आणि अब : अप = अड : अक या प्रमाणातून वरचे समीकरण निघते. कोन क विशालकोन असेल तर ड येथील कोन त्याचा पूरक होतो आणि प हा बक च्या वाढवलेल्या भागावर पडतो. तरीही समरूपता टिकते.

आता उदाहरण. वर्तुळाची त्रिज्या ८.१२५ सेंमी, अब = १३ सेंमी आणि अक = १५ सेंमी आहे; बक काढायची आहे. व्यास १६.२५ सेंमी, म्हणून शिरोलंब अप = (१३ × १५) ÷ १६.२५ = १९५ ÷ १६.२५ = १२ सेंमी. काटकोन त्रिकोण अपब मधून बप = √(१६९ − १४४) = ५ सेंमी, आणि काटकोन त्रिकोण अपक मधून कप = √(२२५ − १४४) = ९ सेंमी. प हा ब आणि क यांच्या मध्ये असेल तर बक = ९ + ५ = १४ सेंमी. प बाहेर असेल तर बक = ९ − ५ = ४ सेंमी. दोन्ही त्रिकोण, १३–१४–१५ आणि १३–१५–४, त्याच त्रिज्येच्या वर्तुळात बसतात. पहिला लघुकोन आहे. दुसऱ्यात १५ चा वर्ग २२५ हा १३ आणि ४ यांच्या वर्गांच्या बेरजेपेक्षा, म्हणजे १८५ पेक्षा, मोठा असल्याने तो विशालकोन आहे.

हेच कोनांच्या वाटेने केले तर दुसरे उत्तर कुठे हरवते ते कळते. साइन ब = १५ ÷ १६.२५ = ०.९२३१, आणि कॅल्क्युलेटर कोन ६७.३८° दाखवतो. तो ११२.६२° कधीही दाखवणार नाही, कारण उलट साइनचे बटण धन संख्येसाठी लघुकोनच देते. साइन क = १३ ÷ १६.२५ = ०.८ यावरून ५३.१३° किंवा १२६.८७°. आता जोड्या तपासाव्यात. ६७.३८° आणि ५३.१३° घेतल्यास कोन अ ५९.४९° आणि बक १४ सेंमी. ११२.६२° आणि ५३.१३° घेतल्यास कोन अ १४.२५° आणि बक ४ सेंमी. ६७.३८° आणि १२६.८७° यांची बेरीज १८०° पेक्षा जास्त होते, म्हणून ती जोडी बाद. दोन्ही विशालकोन घेण्याचा तर प्रश्नच येत नाही.

दोन उत्तरे कधी नसतात? दिलेल्या दोन बाजूंपैकी एक व्यास असेल तर शिरोलंब दुसऱ्या बाजूएवढाच येतो, एक तुकडा शून्य होतो, आणि बेरीज व वजाबाकी सारखीच येते. दोन्ही बाजू समान असतील तर वजाबाकी शून्य येते आणि ते उत्तर त्रिकोण देत नाही. दोन असमान जीवा दिल्या असतील आणि त्यांपैकी एकही व्यास नसेल, तर दोन त्रिकोण नेहमीच निघतात.

त्रिज्या, पाया आणि क्षेत्रफळ दिले असता

क्षेत्रफळावरून आधी उंची काढावी. पाया बक = १४ सेंमी, क्षेत्रफळ ८४ चौसेंमी आणि त्रिज्या ८.१२५ सेंमी असेल तर उंची १२ सेंमी. केंद्राचे पायापासूनचे अंतर √(८.१२५² − ७²) = ४.१२५ सेंमी. शिरोबिंदू अ पायापासून १२ सेंमी उंचीवर आहे, म्हणून केंद्र त्याच बाजूला असेल तर अ हा केंद्रापेक्षा ७.८७५ सेंमी वर आहे आणि पायाच्या लंबदुभाजकापासून √(८.१२५² − ७.८७५²) = √४ = २ सेंमी बाजूला आहे. तेव्हा लंबाचा पाद पायाचे ७ + २ = ९ आणि ७ − २ = ५ असे भाग करतो, आणि बाजू √(१४४ + ८१) = १५ सेंमी व √(१४४ + २५) = १३ सेंमी येतात. केंद्र पायाच्या पलीकडे मानल्यास अ केंद्रापासून निदान १६.१२५ सेंमी दूर जाईल, जे त्रिज्येपेक्षा जास्त आहे. म्हणून तो पर्याय आपोआप गळतो. गळतो हे तपासूनच गाळावे.

वर्तुळावर चौथा बिंदू असेल तर

कधी कधी त्रिकोणाबरोबर वर्तुळावरील आणखी एक बिंदू दिलेला असतो. तेथे टॉलेमीचे प्रमेय वापरावे: चक्रीय चौकोनाच्या कर्णांचा गुणाकार हा संमुख भुजांच्या गुणाकारांच्या बेरजेएवढा असतो. समभुज त्रिकोण अबक च्या परिवर्तुळावर, अ नसलेल्या कंस बक वर, बिंदू प घेतला आणि पब = ३ सेंमी, पक = ५ सेंमी असेल, तर पअ × बक = पब × अक + पक × अब. तिन्ही बाजू समान असल्याने त्या भागून जातात आणि पअ = ३ + ५ = ८ सेंमी. कोन बपक हा कोन अ चा संमुख असल्यामुळे १२०° आहे, म्हणून कोसाइनच्या नियमाने बक² = पब² + पक² − २ × पब × पक × कोसाइन १२०°, आणि कोसाइन १२०° = −½ असल्याने बक² = ९ + २५ + १५ = ४९. त्रिकोणाची बाजू ७ सेंमी.

उत्तर तपासणे

तपासणीची पहिली कसोटी अशी की कोणतीही बाजू व्यासापेक्षा मोठी येता कामा नये. दुसरी, सर्वांत मोठी बाजू सर्वांत मोठ्या कोनासमोरच असली पाहिजे. तिसरी कसोटी परिमितीची. दिलेल्या वर्तुळातील त्रिकोणांत समभुज त्रिकोणाची परिमिती सर्वाधिक असते आणि ती त्रिज्येच्या ३√३, म्हणजे सुमारे ५.१९६ पट असते; त्याहून मोठी परिमिती आल्यास कुठेतरी चूक आहे. लघुकोन त्रिकोणाची परिमिती त्रिज्येच्या चौपटीपेक्षा नेहमी जास्त असते, म्हणून त्याहून कमी आल्यास त्रिकोण विशालकोन आहे असे समजावे. १३–१४–१५ साठी ४२ ÷ ८.१२५ म्हणजे ५.१७, आणि १३–१५–४ साठी ३२ ÷ ८.१२५ म्हणजे ३.९४.

पक्की कसोटी मात्र एकच आहे. मिळालेल्या तीन बाजूंवरून हेरॉनच्या सूत्राने (अर्धपरिमिती आणि तिच्यातून एकेक बाजू वजा करून येणाऱ्या तीन संख्या, या चौघांच्या गुणाकाराचे वर्गमूळ) क्षेत्रफळ काढावे आणि तिन्ही बाजूंच्या गुणाकाराला क्षेत्रफळाच्या चौपटीने भागावे. दिलेली त्रिज्या परत आली पाहिजे. १३–१५–४ मध्ये अर्धपरिमिती १६, क्षेत्रफळ √(१६ × ३ × १ × १२) = २४, आणि ७८० ÷ ९६ = ८.१२५. या तपासणीत दशांशातील किरकोळ फरक दिसू नये यासाठी √२, √३ यांसारखी वर्गमुळे शेवटच्या ओळीपर्यंत तशीच ठेवावीत, आणि कॅल्क्युलेटर वापरत असल्यास तो रेडियनवर नसून अंशांवर आहे याची आकडेमोड सुरू करण्याआधीच खात्री करून घ्यावी. साइन ३०° दाबल्यावर ०.५ आले की तो बरोबर लावलेला आहे.